ब्रुजमधला बायकांचा वाडा



आज इतिहासाच्या गप्पांसाठी आपल्याला लांब जायचं आहे, थेट युरोपातल्या बेल्जियम नावाच्या लहानशा देशात. तिथे ब्रुज नावाचं एक जुनं शहर आहे. या शहरात पावणेआठशे वर्षांहून जुना एक वाडा आहे. वाडा म्हणजे एक घर नव्हे. मध्ये मोठं अंगण, त्यात उंच झाडं, भोवती तीसेक पांढरी घरं, एक चर्च आणि या सगळ्याला मिळून एक मोठा दरवाजा. इथे शेकडो वर्षं फक्त बायका राहत होत्या. त्या नवऱ्याच्या घरी नव्हत्या आणि मठातही नव्हत्या. स्वतः कमवायच्या, स्वतःची प्रमुख स्वतः निवडायच्या आणि एकमेकींच्या आधारानं राहायच्या. त्यांना बेगिना म्हणत. बचत गट हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता, पण आपल्यासारख्या गटातल्या बायकांनी त्यांची गोष्ट जरूर ऐकावी. कारण त्यांना जे मिळालं ते का टिकलं, आणि त्याच शहरातल्या दुसऱ्या बायकांच्या हातात मोठी कला असूनही त्या उपाशी का राहिल्या, हे दोन्ही त्यातून कळतं.

आमचा भाचा नोकरीनिमित्त तिकडे आहे. त्याच्याकडे आम्ही घरची मंडळी पंधरा दिवस गेलो होतो: सासूबाई, आम्ही दोघी जावा, आमचे यजमान आणि नववीतली लेक. परतायच्या आधीचे दोन दिवस आम्ही ब्रुजसाठी ठेवले होते. राजधानी ब्रसेल्सहून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. सासूबाईंचा एक प्रश्न तिथे जाईल तिथे सुरू होता. कुठलंही देखणं घर दिसलं की त्या विचारायच्या, "हे कुणाच्या नावावर?" पहिल्यांदा आम्ही हसलो. मग लक्षात आलं, की त्या शहराचा इतिहास समजून घ्यायला याहून चांगला प्रश्न नाही.

आधी शहर श्रीमंत कसं झालं ते सांगतो. ११३४ साली मोठं समुद्री वादळ झालं आणि समुद्राचं पाणी जमिनीत आत घुसलं. त्या खाडीला झ्विन म्हणतात. त्यामुळे ब्रुजला समुद्राची वाट मिळाली. इंग्लंडहून मेंढ्यांची लोकर जहाजांनी येऊ लागली. इथे तिचं कापड व्हायचं आणि ते देशोदेशी जायचं. इटलीपासून जर्मनीपर्यंतचे व्यापारी इथे येऊन राहू लागले. बुर्से नावाच्या एका घराण्याची खाणावळ होती, तिच्यासमोर व्यापारी जमून सौदे करायचे. शेअर बाजाराला युरोपात जो 'बोर्स' शब्द आहे तो याच घराण्याच्या नावावरून आला, असं सांगतात.

चौकात ८३ मीटर उंच घंटांचा मनोरा आहे. वर जायला ३६६ पायऱ्या. सासूबाई खाली बाकावर बसल्या, बाकीचे आम्ही धापा टाकत चढलो. वाटेत एक खोली लागते, दगडी भिंतींची, लोखंडी जाळ्यांची. ही शहराची जुनी तिजोरी. आम्हाला वाटलं, इथे सोनंनाणं असेल. पण इथे सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू होती कागद. शहराला मिळालेल्या सनदा, म्हणजे व्यापार कोण करणार, कर किती, न्याय कुणी द्यायचा, याचे लेखी अधिकार. त्या एकाच माणसाच्या किल्लीनं उघडत नसत. वेगवेगळ्या पुढाऱ्यांकडे वेगवेगळ्या किल्ल्या असत आणि ते एकत्र आल्याशिवाय सनदा बाहेर निघत नसत. आपल्या गटात पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

कागद एवढा का जपायचा, हे ब्रुजच्या लोकांना ठेच लागून कळलं होतं. १२८० साली या मनोऱ्याला आग लागली. वरचा लाकडी भाग जळाला आणि आत ठेवलेले दस्तऐवजही गेले. मग शहराचे अधिकार नक्की कोणते, यावरून लोक आणि तिथला सत्ताधीश काउंट यांच्यात तंटा उभा राहिला आणि शहरात बंड झालं. कागद गेला की हक्कही डळमळतो. हे मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बायकांकडे येऊ. लोकरीचं कापड होतं कसं? लोकर धुवायची, पिंजायची, विंचरायची, कातायची आणि मग मागावर घ्यायची. माग पुरुषांच्या संघांकडे असत, पण त्याआधीची बरीचशी कामं बायकांच्या हातची. या कामासाठी आसपासच्या खेड्यांतून मुली आणि विधवा शहरात येत. कमाई थोडी, ओळखीचं कुणी नाही, डोक्यावर छप्पर नाही.

लग्न करायचं म्हटलं तर हुंडा हवा. मठात जाऊन नन व्हायचं म्हटलं तरी तिथेही मुलीबरोबर रक्कम द्यावी लागे. हो, मैत्रिणींनो, देवाच्या दारीही हुंडा! ब्रुजजवळच्या घेंट शहरातल्या बेगिनांबद्दल १३२८ साली लिहिलेलं एक निवेदन आजही उपलब्ध आहे. त्यात हेच म्हटलं आहे, की चांगल्या घरच्या कितीतरी मुलींना लग्नही जमत नाही आणि मठही परवडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी या वस्त्या काढल्या.

वस्त्या काढायला मदत करणाऱ्याही बायकाच होत्या. त्या प्रांताचं नाव फ्लँडर्स. तिथे आधी योहाना आणि तिच्यानंतर तिची धाकटी बहीण मार्गारेट, अशा दोघी बहिणी एकामागून एक सत्तेवर आल्या. १२४४ साली मार्गारेट गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी, १२४५ मध्ये, ब्रुजच्या बेगिनांच्या वस्तीला स्वतंत्र मान्यता मिळाली. वस्तीचं नाव 'द्राक्षमळा'. जागा पाण्याच्या कडेला होती, म्हणजे लोकर धुवायला सोयीची.

इथले नियम ऐकण्यासारखे आहेत. वाड्यात राहायला आलेली बाई जन्मभराची शपथ घेत नसे. राहील तोवर ब्रह्मचर्य पाळायचं आणि वस्तीच्या प्रमुखबाईचं ऐकायचं. उद्या वाटलं तर बाहेर पडून लग्न करता येई. तिची मालमत्ता तिचीच राही. पैसा असेल ती वाड्यात स्वतःचं घर बांधे किंवा घेई, नसेल ती दहा-बाराजणींबरोबर सामायिक घरात राही. बहुतेक वस्त्यांत बाई गेल्यावर घर वस्तीकडे जाई, म्हणजे पुढच्या बाईला छप्पर मिळे. काम सगळ्यांनी करायचं: लोकर, शिवण, धुणी, आजाऱ्यांची सेवा, मेलेल्याच्या घरी प्रार्थना आणि मुलींना लिहायला-वाचायला शिकवणं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. घर बायकांच्या नावावर!

पण सगळं गोड नव्हतं, तेही सांगायला हवं. दरवाजा संध्याकाळी बंद होई आणि बेगिनांना आत परतावं लागे. देखरेखीला पाद्री असे, तो पुरुष. श्रीमंत आणि गरीब बेगिन यांच्या राहणीत फरक होता. काही शहरांत तर पुरुष विणकरांच्या संघांनी तक्रारी केल्या, की या बायका स्वस्तात काम करून आमचा धंदा खातात. बाईनं घरात फुकट राबलं तर कुणाची तक्रार नसते; तिनं पैसे घेतले, की कुणाला तरी ते खुपतं.

वाड्याच्या दरवाजावर आजही एक फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ 'संरक्षण'. हा दरवाजा १७७६ सालचा, पण ते संरक्षण त्याहून फार जुनं. १२९९ साली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यानं ही वस्ती आपल्या छत्राखाली घेतली. म्हणजे स्थानिक अधिकाऱ्यांना इथे सहज हात घालता येईना. बेगिनांच्या हाती राजाचा शब्द होता आणि तो कागदावर होता.

आता याच राजाच्या काळातली दुसरी गोष्ट ऐका. मार्गरीत पोरेत नावाची एक बाई होती. तिलाही बेगिन म्हणत, पण ती कुठल्या वाड्याच्या आश्रयाला होती असं दिसत नाही. तिनं एक पुस्तक लिहिलं. ते पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हतं, लोकांच्या फ्रेंच भाषेत होतं. प्रेमानं देवाशी एकरूप झालेल्या जिवाला मधल्या माणसाची गरज उरत नाही, असा त्याचा रोख. आपल्याकडच्या संत स्त्रियांचे अभंग ऐकलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण तिथल्या धर्माधिकाऱ्यांना ते सहन झालं नाही. आधी तिचं पुस्तक तिच्यासमोर जाळलं. तरी ती थांबली नाही. मग तिला पकडून पॅरिसला नेलं आणि तिथल्या कैदेत जवळजवळ दीड वर्ष ठेवलं. चौकशीत तिनं उत्तर द्यायलाच नकार दिला. १ जून १३१० रोजी भर चौकात तिला जिवंत जाळलं. खटला चालवणारा धर्माधिकारी हा त्याच राजा फिलिपचा पाद्री होता.

तिचं पुस्तक मात्र मेलं नाही. हातानं नकला होत होत ते शेकडो वर्षं फिरलं, पण तिच्या नावाशिवाय. हे पुस्तक मार्गरीतचंच, हे १९४६ साली रोमाना ग्वार्निएरी या अभ्यासक बाईनं दाखवून दिलं. एका बाईचं नाव परत यायला सहाशेहून जास्त वर्षं लागली.

मार्गरीत गेल्यानंतर दोनच वर्षांत चर्चच्या मोठ्या परिषदेत बेगिनांविरुद्ध हुकूम निघाले. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी त्यांचे हाल झाले. फ्लँडर्समधल्या वस्त्या मात्र वाचल्या. त्यांची चौकशी झाली, आणि या बायका नीट राहतात, कष्ट करतात, आजाऱ्यांना सांभाळतात, अशी साक्ष तिथल्या लोकांनी दिली. घेंटचं ते निवेदन त्याच काळातलं. वाचवलं कशानं? हातात सनद होती, भोवती वस्ती होती आणि शहराला त्यांच्या कामाची गरज होती. एकट्या मार्गरीतकडे यातलं काहीच नव्हतं. तिचं धैर्य मोठं होतं, पण तिच्यामागे गट नव्हता.

आम्ही वाड्यात होतो तेव्हा अंगणात कमालीची शांतता होती. १९२७ पासून तिथे बेनेडिक्टीन पंथाच्या नन राहतात आणि काही घरांत शहरातल्या एकट्या बायका. पर्यटकांनी बोलू नये अशी पाटी आहे. संध्याकाळी साडेसहाला दरवाजा बंद होतो. आम्हालाही त्याआधी बाहेर पडावं लागलं.

दुसरा दिवस शेवटचा. सकाळी आम्ही सेंट जॉनचं जुनं इस्पितळ बघितलं. ते बाराव्या शतकातलं, युरोपातल्या सगळ्यात जुन्या इस्पितळांपैकी एक. आता तिथे संग्रहालय आहे. तिथे १७७८ साली काढलेलं एक मोठं चित्र आहे. त्यात इस्पितळाचं दालन जसंच्या तसं दिसतं: लाकडी कपाटासारख्या खाटांच्या रांगा, जेवण वाटणाऱ्या सेविका, कुणी फरशी झाडतंय. लेक म्हणाली, "डॉक्टर दोन-चार आणि कामाला सगळ्या बायका." तिनं बरोबर टिपलं होतं.

तिथून गल्ल्यांत फिरताना बुटकी, एकाला एक लागून असलेली पांढरी घरं दिसतात. मध्ये छोटी बाग, सामायिक विहीर किंवा पंप. ही धर्मादाय घरं. चौदाव्या शतकापासून श्रीमंत लोकांनी आणि कारागिरांच्या संघांनी म्हाताऱ्या गरिबांसाठी, विधवांसाठी ती बांधली. राहणाऱ्यांनी बदल्यात दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. अशी चाळीसहून जास्त घरकुलं आजही शिल्लक आहेत आणि बहुतेकांत अजून वयस्क माणसं राहतात. सासूबाई दारावरच्या दात्याच्या नावाकडे बघून म्हणाल्या, "हे त्यांच्या नावावर, आणि बाई फक्त राहायला." बेगिनांच्या वाड्यातला आणि या घरांतला फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला. आसरा दोन्हीकडे मिळतो. पण एका ठिकाणी तो हक्काचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी उपकाराचा.

दुपारी आम्ही लेसच्या केंद्रात गेलो. ब्रुजची लेस जगभर प्रसिद्ध आहे. मांडीवर किंवा मेजावर घट्ट उशी, तिच्यावर नक्षीचा कागद, त्यात टोचलेल्या टाचण्या आणि दोऱ्याला लोंबणाऱ्या लाकडी कांड्या. बाई दोन-दोन कांड्या उचलते, एकमेकींवरून टाकते, पीळ देते, पुढची टाचणी रोवते. बोटं इतकी भराभर चालतात की डोळा ठरत नाही. तरी वीतभर नाजूक लेस व्हायला कितीतरी दिवस जातात. भरतकाम आणि गोधड्या करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकींना तिथून हलावंसं वाटलं नसतं.

हे केंद्र आहे ती इमारत पूर्वी मुलींची लेसशाळा होती. नन चालवत असत. अशा शाळांचा इतिहास मात्र त्या लेसइतका सुंदर नाही. त्याआधी थोडं मागे जायला हवं. झ्विनची खाडी हळूहळू गाळानं भरली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठी जहाजं येणं कठीण झालं, व्यापारी अँटवर्प शहराकडे वळले आणि ब्रुज मागे पडलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता, म्हणून ती तशीच राहिली. आज पर्यटक ज्या सौंदर्याचे फोटो काढतात, ते बरंचसं गरिबीनं राखलेलं आहे.

१८४० नंतरची वर्षं तर फार वाईट. यंत्रावरच्या सुतामुळे आणि कापडामुळे घरोघरचा जवसाच्या धाग्याचा धंदा बसला. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, गरिबांचं मुख्य अन्न गेलं. पाठोपाठ टायफसची आणि कॉलऱ्याची साथ आली. शहरातल्या कितीतरी कुटुंबांना मदतीच्या अन्नावर जगावं लागलं. तेव्हा बायका आणि मुली लेसकडे वळल्या. पाच-सहा वर्षांच्या मुलींना लेसशाळेत बसवत. नावाला शाळा, थोडी प्रार्थना, थोडी अक्षरओळख आणि उरलेला दिवस कांड्या. घरी बायका उजेड असेतो दारात बसून काम करत.

लेस विकली जायची राण्यांच्या आणि श्रीमंतांच्या कपड्यांसाठी, पण करणारीला मिळायचे चार पैसे. का? कारण दोरा व्यापाऱ्याचा, नक्षीचा कागद व्यापाऱ्याचा, गिऱ्हाईक व्यापाऱ्याचं. मध्ये दलाल, कधीकधी दलालही बाईच. कुठे दोऱ्याचे पैसे आधीच मजुरीतून कापून घेत, कुठे रोख पैशाऐवजी दुकानातला माल गळ्यात मारत. लेस करणारी प्रत्येक बाई आपापल्या दारात एकटी बसलेली. शेजारणीला काय भाव मिळाला, हे तिला ठाऊक नसे. त्यातच यंत्रावरची स्वस्त लेस बाजारात आली आणि हातच्या लेसचा भाव आणखी पडला. आजही तिथल्या दुकानांत टांगलेली पुष्कळ लेस यंत्राची असते, हातची ओळखायला नजर लागते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. शहर तेच, कष्टाळू बायका त्याच. लोकर धुणं-कातणं हे काम लेसच्या मानानं साधं. लेसची कला कितीतरी अवघड. तरी लोकर कातणाऱ्या बेगिना ताठ मानेनं राहिल्या आणि जगातली नाजूक लेस करणाऱ्या बायका उपाशी राहिल्या. म्हणजे नुसत्या कलेनं भागत नाही. बेगिनांकडे स्वतःचं छप्पर होतं, मान्यतेचा कागद होता आणि एकत्र बसून ठरवायची जागा होती. लेसवाल्या बायकांकडे फक्त बोटं होती. आपल्याकडे शिवणकामाची किंवा भरतकामाची प्रशिक्षणं खूप होतात, प्रमाणपत्रंही मिळतात. त्याबरोबर कच्चा माल कुणाचा आणि भाव कोण ठरवणार, हेही शिकवलं पाहिजे, असं आम्हाला तिथे उभं राहून वाटलं.

शेवटच्या बेगिनेबद्दल सांगून थांबतो. तिचं नाव मार्सेला पॅटिन. तिला लहानपणापासून जवळजवळ दिसत नव्हतं. नन व्हायचं तिच्या मनात होतं, पण आंधळी मुलगी काय कामाची, म्हणून मठांनी नाकारलं. १९४१ साली बेगिनांनी तिला आपल्यात घेतलं. तिनं विणकाम केलं, वाद्यं वाजवली, आजाऱ्यांचं मन रमवलं. १४ एप्रिल २०१३ रोजी कोर्ट्रेक शहरात ती ९२ वर्षांची होऊन गेली आणि आठशे वर्षांची परंपरा संपली. फ्लँडर्समधले असे तेरा वाडे १९९८ पासून जागतिक वारसा म्हणून जपले जातात. भिंती राहिल्या, राहणाऱ्या गेल्या. पण ज्या गरजेतून ते वाडे उभे राहिले, ती गरज काही संपलेली नाही. एकट्या बाईला हक्काचं छप्पर आणि सन्मानाचं काम आजही लागतंच.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला, अशी विनंती. एक, आपल्यापैकी किती जणींचं नाव घराच्या उताऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर आहे? ज्यांचं नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे काय विचारायचं, ते मिळून ठरवा. दोन, गटाचं इतिवृत्त, पासबुकं, ठराव कुठे आहेत, त्यांची प्रत दुसरीकडे आहे का? मनोऱ्याची आग आठवा. तीन, आपण जो माल करतो त्याचा भाव कोण ठरवतं, आणि शेजारच्या गावातल्या गटाला काय भाव मिळतो, हे आपल्याला माहीत आहे का? उत्तरं लिहून काढा आणि बैठकीच्या वहीत नोंदवा.

पुन्हा भेटू. नमस्कार.